कॅमेऱ्याची आधारसाधने (उभी व आडवी चौकट)

कॅमेऱ्याची आधारसाधने म्हणजे छायाचित्रण करताना कॅमेरा स्थिर धरून ठेवणारी उपकरणे होत. ट्रायपॉड (तिपाई), मोनोपॉड, त्यांच्यावर बसविली जाणारी हेड, क्विक रिलीज प्लेट, एल-ब्रॅकेट, लेन्स कॉलर, मोबाइलची पकड आणि धान्य भरलेली पिशवी यांचा त्यांत समावेश होतो. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट आयताकृती असल्यामुळे तीच दृश्ये आडवी किंवा उभी अशा दोन प्रकारे टिपता येतात. हातात धरलेला कॅमेरा मनगटाच्या एका वळणाने उभा होतो. परंतु तिपाईवर बसविलेला कॅमेरा उभा करताना त्याचा तोल, उंची आणि दृष्टिबिंदू या तिन्ही गोष्टी बदलतात. हा बदल कमीत कमी व्हावा आणि जलद करता यावा, हा आधारसाधन निवडताना पाहण्याचा एक महत्त्वाचा निकष आहे.

या लेखात चौकट बदलण्यामागील यांत्रिकी, उपलब्ध साधनांचे प्रकार व निवडीचे निकष दिले असून उदाहरणे प्रामुख्याने वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील स्थळांची व प्रसंगांची आहेत.

## संज्ञा

ज्या चौकटीची रुंदी उंचीपेक्षा अधिक असते ती *आडवी चौकट* आणि जिची उंची रुंदीपेक्षा अधिक असते ती *उभी चौकट* होय. इंग्रजीतून आलेले 'लँडस्केप' व 'पोर्ट्रेट' हे शब्द छायाचित्रकारांच्या व छापखान्यांच्या बोलण्यात रुळलेले आहेत. या शब्दांचे मूळ चित्रकलेत आहे. निसर्गदृश्य आडव्या फलकावर आणि व्यक्तिचित्र उभ्या फलकावर रंगविण्याचा प्रघात होता. तथापि, व्यक्तीचे छायाचित्र उभेच असावे किंवा निसर्गाचे आडवेच असावे असा नियम नाही. विषयाची मुख्य रेषा कोणत्या दिशेने जाते, त्यावर चौकट ठरते.

'ट्रायपॉड'ला मराठीत *तिपाई* हा प्रतिशब्द आहे. स्टुडिओत व लग्नसमारंभात मात्र त्याला सर्रास 'स्टँड' म्हणतात. तिपाईचे पाय आणि तिच्या माथ्यावरील कॅमेरा फिरविणारा भाग, म्हणजे *हेड*, ही दोन स्वतंत्र साधने आहेत. चौकट बदलण्याचा प्रश्न मुख्यतः हेड व त्यावरील पट्टीशी निगडित आहे. पायांचा संबंध स्थैर्याशी येतो.

## इतिहास

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात कॅमेरे लाकडी, मोठे आणि जड होते. ते तिपाईवरच वापरावे लागत. काचेची प्लेट ज्या मागील चौकटीत बसे, ती चौकट काढून आडवीची उभी करून पुन्हा बसविता येई. त्यामुळे कॅमेरा जागचा न हलविता चित्राची दिशा बदलता येई आणि चौकट बदलण्याचे ओझे तिपाईवर पडत नसे.

वऱ्हाडाच्या छायाचित्रणाच्या इतिहासात रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) यांचे नाव महत्त्वाचे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या गिल यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्याबरोबर लोणार येथील मंदिरांचीही छायाचित्रे घेतली. त्यांच्या त्रिमितीय छायाचित्रांचा एक संग्रह जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह १८६४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. अशा त्रिमितीय छायाचित्रणासाठी एकाच दृश्याची, दोन डोळ्यांना दिसतील अशी, आडव्या अंतराने घेतलेली दोन चित्रे लागतात. दोन भिंगांचा कॅमेरा उभा केला, तर भिंगे एकाखाली एक येतात आणि खोलीचा आभास नाहीसा होतो. म्हणजे त्या तंत्रात कॅमेरा वळविण्यास वावच नव्हता.

विसाव्या शतकात परिस्थिती बदलली. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर ३६ × २४ मिलिमीटरची चौकट रूढ केली. हिचे प्रमाण ३ : २ आहे. या लहान कॅमेऱ्यात फिल्मची चौकट कॅमेऱ्याच्या अंगातच पक्की असल्याने उभे चित्र घेण्यासाठी संपूर्ण कॅमेराच वळवावा लागला. याउलट १९२९ च्या रोलायफ्लेक्सने आणि १९४८ च्या हॅसलब्लाडने चौरस चौकट स्वीकारली. तेथे उभे-आडवे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७० मध्ये आलेल्या मामिया आरबी-६७ या कॅमेऱ्यात फिल्मचा मागील भाग फिरविण्याची सोय होती. त्याच्या नावातील 'आरबी' ही अक्षरे फिरत्या पाठीचीच निदर्शक आहेत.

डिजिटल कॅमेऱ्यांनी बहुतांशी ३ : २ किंवा ४ : ३ ही आयताकृती चौकट कायम ठेवली. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर उभ्या चलचित्रांची मागणी वाढली. पूर्वी चलचित्रण जवळजवळ पूर्णपणे आडवे असे. आता एकाच समारंभाचे आडवे चित्रण अल्बम व दूरदर्शन संचासाठी आणि उभे चित्रण मोबाइलच्या पडद्यासाठी मागितले जाते. त्यामुळे चौकट जलद बदलणाऱ्या साधनांचे महत्त्व वाढले आहे.

## चौकट बदलताना काय घडते

### गुरुत्वमध्याचे स्थलांतर

आडव्या स्थितीत कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य तिपाईच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या अगदी जवळ असतो. हेड ९० अंशांनी कलवून कॅमेरा उभा केला की तो मध्यरेषेच्या बाजूला लोंबू लागतो. हेडच्या सांध्यापासून कॅमेऱ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर आणि कॅमेरा व भिंगाचे एकत्रित वस्तुमान १.५ किलोग्रॅम धरल्यास सांध्यावर सुमारे १.५ न्यूटन-मीटर इतके बल आघूर्ण पडते. सांधा पुरेसा घट्ट नसेल, तर चौकट जुळवून हात सोडल्यावर कॅमेरा किंचित खाली सरकतो. लांब भिंग लावल्यास हा परिणाम अधिक जाणवतो.

### दृष्टिबिंदूचा बदल

वरील उदाहरणात कॅमेरा कलताच भिंगाचा अक्ष सुमारे १० सेंटिमीटर बाजूला आणि तितकाच खाली जातो. शंभर मीटरवरील डोंगराच्या चित्रात हा फरक नगण्य असतो. पण एक मीटरवरील शिल्पाच्या बाबतीत पाहण्याचा कोन पाच-सहा अंशांनी बदलतो. पुढील व मागील वस्तूंची परस्परस्थिती बदलते आणि संपूर्ण रचना पुन्हा जुळवावी लागते.

### पट्टीवरील वळण

बहुतेक कॅमेरे तळाशी असलेल्या एकाच स्क्रूने पट्टीला जोडलेले असतात. या स्क्रूचे प्रमाण जगभर सारखे आहे : पाव इंच व्यास व प्रति इंच २० आटे. मोठ्या साधनांसाठी तीन अष्टमांश इंच व्यास व प्रति इंच १६ आटे असे दुसरे प्रमाण वापरतात. कॅमेरा उभा केल्यावर हा स्क्रू आडवा होतो आणि पुढे आलेल्या भिंगाचे वजन कॅमेऱ्याला त्या स्क्रूभोवती खाली फिरवू पाहते. फिरण्याची दिशा स्क्रू सैल होण्याची असेल, तर पकड हळूहळू ढिली पडते. कॅमेऱ्याच्या अंगाला टेकणारी कड असलेली पट्टी हे वळण रोखते.

### तिपाईचे स्थैर्य

तिपाईचे तीन पाय जमिनीवर त्रिकोण करतात. हा त्रिकोण समभुज धरल्यास मध्यापासून पायापर्यंतचे अंतर हे मध्यापासून दोन पायांमधील कडेपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट असते. पाय मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असतील, तर दोन पायांमधील कड ३० सेंटिमीटरवरच येते. म्हणून कॅमेरा ज्या बाजूला कलणार असेल त्या बाजूला एक पाय ठेवावा, हा जुना व उपयुक्त नियम आहे. नुसत्या वजनाने तिपाई सहसा पडत नाही. परंतु वारा, उतार किंवा एखाद्याचा धक्का यांची भर पडली की उरलेले स्थैर्य अपुरे ठरते.

## साधनांचे प्रकार

### पॅन हेड

यात तीन दिशांच्या हालचालींसाठी तीन स्वतंत्र दांडे असतात. त्यांपैकी एक दांडा सैल करून कॅमेरा बाजूला ९० अंश कलविता येतो. एका वेळी एकच दिशा बदलत असल्यामुळे इमारतींच्या चित्रणासाठी ही रचना सोयीची असते. मात्र कॅमेरा बाजूला लोंबतोच, आणि लांब दांड्यांमुळे हेड पिशवीत मावण्यास अडचण होते. केवळ चलचित्रणासाठी बनविलेल्या काही हेडमध्ये बाजूला कलविण्याची सोयच नसते; खरेदीपूर्वी हे पाहणे आवश्यक असते.

### बॉल हेड

एका गोळ्यावर कॅमेरा सर्व दिशांना फिरतो व एकाच मुठीने तो घट्ट होतो. उभ्या चौकटीसाठी गोळ्याच्या कवचाला एक खाच ठेवलेली असते. तिच्यात गोळ्याची मान आडवी बसते. हे हेड लहान व जलद असते. परंतु खाचेत कॅमेरा एकाच दिशेने कलतो आणि त्या स्थितीत बारीक फेरफार करणे कठीण जाते. स्वस्त बॉल हेडमध्ये कॅमेरा सरकण्याची तक्रार मुख्यतः याच स्थितीत उद्भवते.

### एल-ब्रॅकेट

इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची ही धातूची काटकोनी पट्टी कॅमेऱ्याच्या तळाला व एका बाजूला लागून बसते. तिच्या दोन्ही भुजांवर कबुतराच्या शेपटीसारख्या तिरप्या कडा असतात. क्लॅम्प सैल करून कॅमेरा उचलायचा, ९० अंश वळवायचा आणि दुसऱ्या भुजेवर पुन्हा बसवायचा, एवढीच कृती करावी लागते. हेड हलत नाही, समपातळी बिघडत नाही आणि गुरुत्वमध्य मध्यरेषेवरच राहतो. भिंगाच्या उंचीत थोडा फरक पडतो, पण बाजूचे स्थलांतर जवळजवळ होत नाही.

या पट्ट्यांची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर असते. अर्का-स्विस या कंपनीच्या रचनेवरून हा प्रकार 'अर्का पद्धत' म्हणून ओळखला जातो आणि अनेक उत्पादकांनी तो स्वीकारला आहे. निरनिराळ्या उत्पादकांच्या मापांत बारीक फरक असतात. स्क्रूने आवळण्याचा क्लॅम्प असे फरक सामावून घेतो. खटक्याचा क्लॅम्प मात्र काही पट्ट्या सैल धरतो.

ब्रॅकेटची उभी भुजा सहसा कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूस येते, त्यामुळे उभ्या स्थितीत मूठ व शटरचे बटण वर राहते. डाव्या बाजूलाच केबलची छिद्रे व उघडणाऱ्या पडद्याची बिजागरी असल्यास ती अडतात. म्हणून विशिष्ट कॅमेऱ्यासाठी बनविलेले, योग्य ठिकाणी मोकळी जागा सोडलेले ब्रॅकेट सर्वसाधारण ब्रॅकेटपेक्षा सोयीचे ठरते. बॅटरीचे झाकण ब्रॅकेट न काढता उघडते की नाही, हेही तपासावे लागते.

### लेन्स कॉलर

लांब व जड भिंगांना स्वतःचे फिरते कडे असते आणि तिपाई त्या कड्याला जोडली जाते. कड्याचा स्क्रू सैल करून कॅमेरा व भिंग जागच्या जागी फिरविता येतात. भिंगाचा अक्ष हलत नाही. म्हणून चौकट बदलण्याची ही सर्वांत निर्दोष पद्धत मानली जाते. असे कॉलर असलेल्या भिंगासाठी एल-ब्रॅकेटची गरज राहत नाही.

### फिरते कडे असलेले ब्रॅकेट

लेन्स कॉलरचेच तत्त्व लहान भिंगांसाठी वापरणारी साधने अलीकडे उपलब्ध झाली आहेत. भिंगाभोवती येणाऱ्या कड्यात कॅमेरा बसतो आणि पट्टी न काढता फिरतो. कॅमेरा एकदाही सुटा होत नसल्याने घाईच्या कामात ही रचना सुरक्षित असते. वजन, आकार व किंमत या तिच्या मर्यादा होत.

### गिंबल हेड, मोनोपॉड व इतर

गिंबल हेडवर जड भिंग त्याच्या तोलबिंदूवर झुलते. चौकट मात्र लेन्स कॉलरनेच बदलावी लागते. मोनोपॉड म्हणजे एकाच पायाचा आधार. त्यावर एका दिशेला कलणारे साधे हेड पुरते, आणि त्याचा रोख बाजूला वळविल्यास कॅमेरा उभा करता येतो. मोबाइलसाठी स्प्रिंगच्या पकडी मिळतात. त्यांपैकी ज्यांचा जबडा स्वतःच फिरतो त्या पकडीत फोन काढून पुन्हा लावावा लागत नाही. ज्वारी किंवा तांदूळ भरलेली शिवलेली पिशवी हा सर्वांत स्वस्त आधार असून तिच्यावर कॅमेरा कोणत्याही चौकटीत टेकविता येतो.

## तुलना

| साधन | चौकट बदलण्याची कृती | तोल | दृष्टिबिंदू | विशेष उपयोग |
|---|---|---|---|---|
| पॅन हेड | दांडा सैल करून कलविणे | बाजूला जातो | बदलतो | वास्तू, स्टुडिओ |
| बॉल हेड (खाच) | गोळा खाचेत पाडणे | बाजूला जातो | बदलतो | प्रवास, हलके कॅमेरे |
| एल-ब्रॅकेट | काढून दुसऱ्या भुजेवर बसविणे | मध्यावर राहतो | थोडा बदलतो | वास्तू, निसर्ग, जोडचित्रे |
| लेन्स कॉलर | कड्यात फिरविणे | मध्यावर राहतो | बदलत नाही | वन्यजीव, क्रीडा |
| फिरते ब्रॅकेट | कड्यात फिरविणे | मध्यावर राहतो | बदलत नाही | समारंभ, चलचित्रण |
| धान्याची पिशवी | कॅमेरा उचलून वळविणे | पिशवीवर अवलंबून | थोडा बदलतो | वाहनातून छायाचित्रण |

## निवडीचे निकष

* चौकट किती वेळा बदलावी लागते : दिवसातून दोन-चार वेळा बदल करणाऱ्यास बॉल हेडची खाच पुरते. प्रत्येक विषयाची दोन्ही प्रकारची चित्रे घेणाऱ्यास एल-ब्रॅकेट आवश्यक ठरते.
* सर्वांत जड भिंग : हेडची निवड कॅमेऱ्यावरून न करता त्यावर लागणाऱ्या सर्वांत जड व लांब भिंगावरून करावी. पाकिटावर छापलेली भारक्षमता उत्पादकागणिक निराळ्या रीतीने मोजलेली असते. कॅमेरा कललेल्या स्थितीत सरकतो की नाही, हे दुकानातच आपल्या भिंगासह पाहणे अधिक विश्वसनीय असते.
* विषयाचे अंतर : जवळच्या विषयांसाठी दृष्टिबिंदू न हलविणारे साधन निवडावे, दूरच्या निसर्गदृश्यासाठी हा निकष गौण आहे.
* पट्टीची पद्धत : कॅमेरा, भिंग व मोनोपॉड या सर्वांवर एकाच पद्धतीच्या पट्ट्या असाव्यात. मिश्र पद्धतींमुळे ऐन वेळी पट्टी बदलत बसावे लागते.
* खर्चाचा क्रम : मर्यादित पैशांत प्रथम भक्कम पाय, नंतर मध्यम दर्जाचे हेड आणि त्यानंतर ब्रॅकेट असा क्रम ठेवावा. डगमगत्या पायांवर महागडे ब्रॅकेट लावल्याने स्थैर्य वाढत नाही. साध्या हेडवर ब्रॅकेट लावल्यास मात्र खाच वापरण्याची गरज उरत नाही आणि त्या हेडचे आयुष्य वाढते.
* मधला दांडा : दांडा पूर्ण वर काढल्यावर तिपाई व्यवहारतः एकपायी होते. उभ्या चौकटीत कॅमेरा बाजूला लोंबत असताना दांडा खालीच ठेवावा.

### कातरणीचा पर्याय

कॅमेरा न वळविता आडव्या चित्रातून उभा भाग कातरून घेता येतो. परंतु त्यात तपशील गमावला जातो. ६००० × ४००० बिंदूंच्या चित्रातून २ : ३ प्रमाणाचा उभा भाग घेतल्यास सुमारे २६६७ × ४००० बिंदू, म्हणजे मूळच्या ४४ टक्केच उरतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या चलचित्रातून ९ : १६ प्रमाणाची उभी पट्टी घेतल्यास रुंदी १२१५ बिंदूंची राहते आणि मूळ चित्राचा एक तृतीयांशाहून कमी भाग शिल्लक राहतो. मोबाइलवर पाहण्यासाठी हे पुरेसे असते. मोठ्या छपाईसाठी किंवा शिलालेखाच्या नोंदीसाठी मात्र नाही.

## वऱ्हाडातील उपयोग

### किल्ले व शिल्पे

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा कोरीव कामासाठी व शिलालेखासाठी प्रसिद्ध आहे. संपूर्ण दरवाजा व त्याच्या दोन्ही अंगांची बांधणी आडव्या चौकटीत बसते; कमानीचा भाग उभ्या चौकटीत अधिक चांगला येतो; शिलालेखाची पट्टी पुन्हा आडवी असते. एकाच जागेवरून अशी तीन चित्रे घेताना दृष्टिबिंदू न बदलणे महत्त्वाचे असते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, बाळापूरची मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर यांनाही हेच लागू होते.

अशा वास्तूंची झीज दरवर्षी थोडीथोडी होत असते. पावसाळ्यानंतर वाढलेली झुडपे, निखळलेले दगड किंवा रुंदावलेल्या भेगा ओळखण्यासाठी दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून व त्याच भिंगाने घेतलेली चित्रे उपयोगी पडतात. तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा, मध्याची उंची आणि चौकटीची दिशा वहीत नोंदवून ठेवल्यास पुढील वर्षी दुसऱ्या व्यक्तीलाही तेच चित्र घेता येते. शाळा-महाविद्यालयांच्या वारसा-नोंदीच्या उपक्रमांत ही पद्धत सहज वापरता येण्यासारखी आहे. खाचेत कलविलेल्या कॅमेऱ्याने हे सातत्य राखणे कठीण असते. एल-ब्रॅकेटने ते सोपे होते.

### लोणार विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले हे सरोवर २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. काठावरून संपूर्ण विवर एका चित्रात मावणे अवघड असल्याने अनेक चित्रे जोडून एक रुंद चित्र बनविले जाते. अंतिम चित्र आडवे असले, तरी त्यासाठी घेतलेली सुटी चित्रे उभी असावीत. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरचे भिंग आडवे धरल्यास उंचीत सुमारे ३८ अंश मिळतात, तर उभे धरल्यास सुमारे ५४ अंश. काठाजवळची झाडी, पाणी, समोरचा कडा व आकाश हे सर्व त्यामुळे सामावते. प्रत्येक दोन चित्रांत ३० टक्के भाग समान ठेवल्यास १८० अंशांसाठी सात उभी चित्रे पुरतात. खाचेत लोंबणारा कॅमेरा फिरविला, तर भिंग मध्यरेषेभोवती वर्तुळात फिरते आणि जवळच्या फांद्या जोडावर जुळत नाहीत. एल-ब्रॅकेटवर हा दोष बराच कमी होतो.

### मेळघाट

मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाच्या आरंभी, १९७३–७४ मध्ये, निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. वनविहारात वाहनातून उतरण्यास मनाई असल्याने तिपाईचा उपयोग होत नाही. वाहनाच्या कडेवर धान्याची पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकविणे आणि चौकट लेन्स कॉलरने बदलणे ही पद्धत सोयीची ठरते. १९९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळलेला रानपिंगळा मेळघाटातही दिसतो. उभ्या खोडावर बसलेल्या अशा पक्ष्यासाठी उभी चौकट, तर पाणवठ्यावरील कळपासाठी आडवी चौकट घ्यावी लागते. पिशवीची शिवण पक्की असावी व तिच्यातील धान्य जंगलात सांडू देऊ नये.

### व्यायाम व क्रीडा

१९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मल्लखांब हा उभ्या चौकटीचा नमुनेदार विषय आहे. खांब उभा आणि खेळाडूची चढउतार उभ्याच रेषेत असते. परंतु खेळाडू खांबावर आडवा ताणला गेला की क्षणात आडवी चौकट लागते. सामूहिक लेझीम व मनोरे यांतही असेच बदल होतात. येथे कॅमेरा काढून पुन्हा बसविण्यास वेळ नसतो. म्हणून लेन्स कॉलर असलेले भिंग व मोनोपॉड हा योग्य संयोग आहे.

### मिरवणुका व समारंभ

श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्यात निघणाऱ्या कावड-पालखी उत्सवात गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे पाणी पायी आणून राजराजेश्वराला जलाभिषेक केला जातो. गर्दीत तिपाईचे पाय पसरणे कॅमेऱ्याला आणि भाविकांनाही धोक्याचे असते. अशा वेळी मोनोपॉड किंवा एखाद्या घराच्या सज्जाचा आधार घ्यावा. सजविलेली कावड आडवी, तर गल्लीतून येणारी रांग वरून पाहताना उभी दिसते. लग्नसमारंभात अल्बमसाठी आडवे व मोबाइलसाठी उभे चित्रण एकाच वेळी हवे असल्यास एका कॅमेऱ्याची चौकट सतत बदलण्यापेक्षा दुसऱ्या तिपाईवर उभा मोबाइल लावणे अधिक व्यवहार्य असते.

### हवामान व जमीन

वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते व चिकट होते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. ओल्या मातीत तिपाईचे टोकदार पाय हळूहळू रुततात आणि जुळविलेली पातळी बिघडते. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा लाकडी फळीचा तुकडा ठेवल्यास रुतणे थांबते. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात पिकाचे उभे चित्र घेताना कॅमेरा खाली आणावा लागतो. पाय बरेच पसरता येणारी तिपाई तेथे उपयोगी पडते.

अकोल्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात ठेवलेले ॲल्युमिनियमचे पाय हाताला चटके देतात. त्यांवर कापडी किंवा फोमचे वेष्टन गुंडाळावे. कार्बन फायबरचे पाय हलके असतात आणि कमी तापल्यासारखे वाटतात, परंतु त्यांची किंमत बरीच जास्त असते. धुळीमुळे पायांच्या फिरत्या आट्यांत खरखर निर्माण होते. ते खोलून कोरड्या कापडाने पुसावे लागतात. खटक्याच्या पायांत धूळ कमी अडकते, पण खटका सैल झाल्यास त्याचा स्क्रू वेळोवेळी आवळावा लागतो.

## वापरातील दक्षता

* चौकट बदलताना क्लॅम्प सैल करण्यापूर्वी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात असावा. एल-ब्रॅकेट वापरताना कॅमेरा पडण्याची शक्यता नेमकी याच क्षणी असते.
* पट्टी बसविल्यावर हात सोडण्यापूर्वी कॅमेरा हलकेच वर ओढून पकड तपासावी.
* उभ्या चौकटीत क्षितिज किंवा खांब सरळ आहे की नाही, हे पाणसळीने पाहावे. हेडवरील पाणसळ केवळ हेडची पातळी दाखविते; कॅमेऱ्याच्या पडद्यावरील निदर्शक उभ्या स्थितीतही उपयोगी पडतो.
* वारा असल्यास तिपाईच्या मध्याला पिशवी टांगावी. ती झुलू नये म्हणून जमिनीला टेकलेली असावी.
* उंच वास्तूचे उभे चित्र घेताना कॅमेरा वर कलविल्यास भिंती आत झुकलेल्या दिसतात. मागे सरकून कॅमेरा समपातळीत ठेवल्यास हा दोष टळतो.

## नियम

केंद्र-संरक्षित स्मारकांमध्ये तिपाई लावून छायाचित्रण करण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. गाविलगड व नरनाळा यांचा परिसर वनक्षेत्राला लागून असल्याने प्रवेशाबाबत वन विभागाचे नियमही लागू होतात. मंदिरांमध्ये संबंधित विश्वस्तांची अनुमती आवश्यक असते. परवानगी नसेल तेथे मोनोपॉडही टाळून भिंतीचा किंवा स्वतःच्या गुडघ्याचा आधार घ्यावा. कोरीव कामावर मात्र कॅमेरा टेकवू नये व तिपाईचे टोकदार पाय जुन्या फरशीवर रबरी टोप्यांशिवाय ठेवू नयेत.